गुरु करावा का? कसा ओळखावा? सोडता येतो का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

आषाढ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेलाच असतो. गुरुपौर्णिमा तोंडावर असते आणि घराघरात कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागलेलं असतं की या वर्षी तरी गुरु करून घे. आलेल्यातली थोडी पत्रं घेतलीयत, नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि एकदोन पत्रं चार-चार पानांची होती ती आखडून घेतलीयत, राग मानू नका.

प्रश्न (सांगली): सासरी सगळ्यांनी एका मठातून अनुग्रह घेतलाय, मी एकटीच राहिलेय. सासूबाई एरवी चांगल्या आहेत पण सणावाराला चार बायकांत "आमच्या सूनबाईंनी अजून गुरु केला नाही" असं सांगतात, एकदा तर निगुरीच्या हातचा नैवेद्य चालत नाही म्हणाल्या. नवरा म्हणतो घेऊन टाक ना, अर्ध्या तासाचं तर काम आहे. घेऊ का?

उत्तर: ताई, या कारणासाठी तरी नका घेऊ. अर्ध्या तासाचं काम हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं तसं खरंय. सकाळी अंघोळ करून उपाशीपोटी जायचं, नारळ, फुलं, हार, यथाशक्ती दक्षिणा, महाराज डोक्यावर हात ठेवतात, कानात मंत्र सांगतात, तीनदा म्हणवून घेतात, हातात माळ देतात, झालं, बाहेर येऊन प्रसाद घ्यायचा. पण खरं काम दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होतं ते कुणी सांगत नाही. रोज ठरलेल्या माळा जप, काही ठिकाणी नित्य वाचन, काही ठिकाणी खाण्यापिण्याचे नियम, आणि हे मरेपर्यंत. मी माळकरी घरातली आहे म्हणून तिथलं सांगते. आमच्याकडे तुळशीची माळ गळ्यात पडली की पंढरीची वारी, एकादशी, हरिपाठ आलाच, मांस-मच्छी आणि दारू बंद, आणि माळ तुटली तर ती परत ओवून गळ्यात पडेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा न घेणारी माणसं मी घरात बघितलीयत. हे सगळं मनातून आलं तर त्याचं ओझं वाटत नाही, पण दुसऱ्याचं तोंड बंद करायला घेतलं तर रोज सकाळी त्या माळेकडे बघून चिडचिड होते आणि मग सासूबाई, महाराज, देव सगळ्यांवरच राग.

राहिली निगुरीच्या नैवेद्याची गोष्ट. शिर्डीच्या साईबाबांकडे राधाबाई देशमुख नावाच्या म्हाताऱ्या बाई हट्ट धरून बसल्या होत्या, मंत्र द्या नाहीतर अन्नपाणी सोडते म्हणून. बाबांनी त्यांना मंत्र दिला नाही. माझ्या गुरूनेच माझ्या कानात कधी काही फुंकलं नाही, त्यांनी फक्त दोन पैसे मागितले, एक निष्ठा आणि दुसरी सबुरी, असं सांगून त्यांची समजूत घातली. ही गोष्ट साईचरित्रात आहे. आता ज्या बाबांच्या समाधीपुढे रोज हजारो माणसं रांग लावतात त्यांनीच कानात मंत्र न घेता काम भागवलं म्हणताहेत तर तुमच्या हातच्या पुरणपोळीला काय होतंय.

एक करून बघा. सासूबाई निवांत असतील तेव्हा त्यांना विचारा की आई, तुम्ही अनुग्रह घेतला तेव्हा काय झालं होतं, तुम्हाला त्यातून काय मिळालं? वाद घालायला म्हणून नाही, खरंच ऐकायला विचारा. बऱ्याच बायकांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आणि रामनाम किंवा विठ्ठलाचं नाव घ्यावंसं वाटलं तर आजपासून घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न (ठाणे): एका संस्थेची ऑनलाइन दीक्षा आहे, झूमवर चाळीस मिनिटं, फी साडेअकरा हजार, शेवटी पीडीएफ सर्टिफिकेट. मित्र म्हणतो प्रत्यक्ष स्पर्श झाल्याशिवाय दीक्षा लागतच नाही. मला फीचं काही नाही, परवडते. पण अशी दीक्षा चालते का?

उत्तर: गंमत बघा, तुम्हाला शंका आहे ती झूमची आणि मला शंका येतेय ती फीची.

अंतराचं म्हणाल तर आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध दीक्षा स्वप्नात झालेली आहे. तुकोबांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरु भेटले, डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं मी स्वप्नात विसरलो. मग काहीतरी अंतराय आला आणि गुरु घाईने निघून गेले. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगितली, आपलं नाव बाबाजी सांगितलं आणि मंत्र दिला रामकृष्णहरि. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. मला या अभंगात ते तूप फार आवडतं. एवढा मोठा प्रसंग, आणि माणसाला रुखरुख कशाची, तर जेवायला मागणाऱ्याला तूप वाढायचं राहिलं! "परि नाही घडली सेवा काही" असं पहिल्याच ओळीत म्हणून टाकलंय. म्हणजे सेवा झाली नाही, दक्षिणा नाही, तूपसुद्धा नाही, तरी कृपा झाली. आणि मंत्र कसा दिला, तर माझ्या मनातला भाव ओळखून, मला आवडणारा आणि सोपा, कुठे गुंता होणार नाही असा.

कुलार्णव तंत्र या जुन्या संस्कृत ग्रंथात दीक्षेचे प्रकार सांगितलेत त्यात पक्षीण, मासोळी आणि कासवी येते. पक्षीण पिलाला पंखाखाली घेऊन वाढवते ती स्पर्शाची दीक्षा, मासोळी नुसत्या नजरेने वाढवते ती दृष्टीची, आणि कासवी लांब राहून नुसत्या आठवणीने. तेव्हा तुमच्या मित्राला सांगा की स्पर्श हा तीनातला एक झाला. झूम मासोळीच्या खात्यात टाका, कॅमेरा बंद असेल तर कासवीच्या.

पण या तिन्हीमध्ये एक गोष्ट कॉमन आहे. आईला आपलं पिल्लू माहीत असतं. तुमच्या त्या चाळीस मिनिटांत किती जण एकदम बसणार आहेत? ज्यांच्याकडून दीक्षा घेताय त्यांना तुमचं नाव तरी कळणार आहे का, तुम्ही किती झोपता, कशाने चिडता, आधी काही जप करत होता का, हे कुणी विचारलंय का? सहा महिन्यांनी जप करताना अडचण आली तर उत्तर ते देणार की कस्टमर केअरचा नंबर? या प्रश्नांची उत्तरं नीट आली तर झूम चालेल. नाही आली तर समोर बसूनही चालणार नाही. योगाचा किंवा ध्यानाचा क्लास असेल तर फी घेण्यात मला काही गैर वाटत नाही, शिकवणाऱ्यालाही पोट आहे. पण मंत्राला रेट लागला की त्याला क्लास म्हणावं, दीक्षा म्हणू नये. आणि त्या सर्टिफिकेटचं काय करणार आहात, लिंक्डइनवर टाकणार?

प्रश्न (न्यू जर्सी): मुलगा सोळा वर्षांचा आहे. आमच्या घरातला गुरूंचा फोटो, पादुका बघून तो म्हणतो की एका माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं आणि तो सांगेल ते करायचं ही गुलामीच आहे. मला उत्तर सुचत नाही.

उत्तर: तुमचा मुलगा विचार करतोय हे आधी चांगलंय. त्याला गीतेचा चौथा अध्याय दाखवा, चौतिसावा श्लोक. ज्ञान कसं मिळवायचं तर प्रणिपाताने म्हणजे नमस्काराने, परिप्रश्नाने म्हणजे प्रश्न विचारून, आणि सेवेने. आपण प्रणिपात आणि सेवा धरून ठेवली आणि मधला परिप्रश्न सोयीने गाळून टाकला. अख्खी गीता हीच मुळात प्रश्न विचारणाऱ्या माणसाला दिलेली उत्तरं आहे, आणि अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण काय म्हणतो, तर यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

दुसरी बाजूही त्याला सांगा, नाहीतर अर्धवट होईल. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गुरुसेवेचं वर्णन आहे ते वाचून आजचा माणूस दचकतोच. गुरूंच्या पादुका मी होईन, छत्र मी धरीन, मेल्यावर माझ्या शरीराची माती त्यांचे पाय जिथे उभे राहतात तिथल्या मातीत मिसळीन. पण हे लिहिणारा कोण आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो कोण? निवृत्तिनाथ म्हणजे थोरला भाऊ, वयात जेमतेम दोनतीन वर्षांचं अंतर, दोघांनाही गावाने वाळीत टाकलेलं. गादी नाही, मठ नाही, ट्रस्ट नाही. असल्या नात्यात गुलामी कशी शिरणार, द्यायला-घ्यायला ज्ञानाशिवाय काही नव्हतंच. गुलामी शिरते ती गुरूच्या हातात शिष्याचा पैसा, लग्न, नोकरी, मुलांची शाळा असं सगळं जातं तेव्हा. तुमच्या घरात तसं आहे का हे मात्र मुलाला नाही, तुम्ही स्वतःला विचारायचंय.

आणि तुकोबांचाच दुसरा एक अभंग आहे तो त्याला नक्की आवडेल. "मेघवृष्टीने करावा उपदेश । परि गुरुने न करावा शिष्य". पावसासारखा सगळ्यांवर उपदेश करावा, पण कुणाला शिष्य म्हणून धरून ठेवू नये. म्हणजे ज्या माणसाने स्वतःच्या दीक्षेची तिथी आणि वार जपून लिहून ठेवला तोच असंही म्हणतोय. सोळा वर्षांच्या पोराला हे दोन्ही एकदम सांगा, पेलेल त्याला.

प्रश्न (अहिल्यानगर): एका ताईंचं प्रवचन ऐकून त्यांना गुरु करावंसं वाटतंय. आमचे काका म्हणतात बाईला मंत्र देण्याचा अधिकार नाही. खरं आहे का?

उत्तर: काकांना मुक्ताबाई माहीत असतीलच. चांगदेवांसारखा एवढा मोठा योगी, चौदाशे वर्षं जगल्याची ज्याची आख्यायिका, त्याने गुरु केली कुणाला, तर त्या लहान पोरीला. समर्थांच्या शिष्या वेणाबाई मिरजेच्या मठाच्या प्रमुख होत्या आणि उभ्या राहून कीर्तन करायच्या, त्या काळात, विधवा असून. तेव्हा अधिकाराचा मुद्दा साडेतीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघालाय, काकांपर्यंत अजून बातमी पोचलेली दिसत नाही.

पण अधिकारावरून मला आठवतात त्या बहिणाबाई, शिऊरच्या. (चौधरींच्या बहिणाबाई वेगळ्या, दरवेळी लोक गोंधळ करतात.) जन्म 1628चा, ब्राह्मणाच्या घरातला. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीतला बिजवर, भिक्षुकी करणारा. कोल्हापुरात असताना कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानावर पडले आणि बाईंनी ध्यासच घेतला की गुरु करीन तर यांनाच. आता तुकोबा वाणी, म्हणजे त्या काळच्या हिशोबाने शूद्र, आणि ही ब्राह्मणाची बायको. नवऱ्याने मारलं, गुरासारखं बांधून घातलं, घर सोडून जातो म्हणाला. हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत लिहिलंय, कुणी मागाहून रचलेलं नाही. आणि अनुग्रह झाला तो कसा? स्वप्नात! तुकोबांना जसा स्वप्नात झाला तसाच. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, त्यांनीही वार लिहून ठेवलाय. पुढे नवरा आजारी पडला, त्याचं मन बदललं आणि दोघं देहूला गेली, तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने त्रास दिला तो वेगळाच.

मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही की गुरु त्यांनी निवडला. वडलांनी नाही, नवऱ्याने नाही, जातीने नाही. तुम्हालाही कुणी निवडून द्यायची गरज नाही. फक्त एका प्रवचनावर जाऊ नका. प्रवचन छान असणं आणि माणूस गुरु होण्याजोगा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वर्षभर त्यांच्याकडे जा, त्या घरच्यांशी, ड्रायव्हरशी, चहा आणणाऱ्या मुलीशी कशा बोलतात ते बघा, आणि मग ठरवा.

प्रश्न (कोल्हापूर जिल्हा): बारा वर्षं एका महाराजांकडे आहोत. सुरुवातीला सगळं छान होतं. आता आश्रमाच्या बांधकामासाठी प्रत्येक घराला रक्कम ठरवून देतात, मी सोसायटीचं कर्ज काढून दिली. बायकांना एकेकटं दर्शनाला बोलावतात, माझ्या बहिणीला ते आवडलं नाही आणि ती जायची बंद झाली तर सत्संगात तिचं नाव घेऊन बोलले. मी शंका काढली तर गुरुबंधू म्हणतात गुरुद्रोह होईल, दिलेला मंत्र उलटेल, घरात कुणाला तरी भोगावं लागेल. बायको घाबरलीय. काय करू?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी बायकोला सांगा की मंत्र उलटत नाही. देवाचं नाव आहे ते, कुणाच्या मालकीचं नाही. ज्याने दिलं त्याला ते परत घेताही येत नाही आणि त्याची सुरी करून तुमच्या पोरांवर चालवताही येत नाही.

आता गुरुद्रोह. भीष्मांचे गुरु परशुराम. भीष्मांनी स्वयंवरातून पळवून आणलेल्या अंबेचं प्रकरण झालं तेव्हा परशुरामांनी आज्ञा केली की हिचा स्वीकार कर. भीष्म नाही म्हणाले, आणि महाभारताच्या उद्योगपर्वात गुरूच्या तोंडावर श्लोक म्हणून दाखवला की गुरु जरी असला तरी तो गर्विष्ठ झाला, काय करावं आणि काय करू नये हे त्याला कळेनासं झालं, आडवाटेला लागला, तर त्याचा त्याग करावा असं शास्त्र आहे. नुसतं बोलून थांबले नाहीत, कुरुक्षेत्रावर गुरूशी युद्ध केलं. भीष्मांना आजवर कुणी गुरुद्रोही म्हटलंय का?

समर्थ तर त्याहून रोखठोक. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणं सांगितलीत, तिथे म्हणतात, शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियं आवरायला शिकवत नाहीत, "ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे". आडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणं, त्याला तीन मिळाले तरी नको! आणि संस्कृतातला तो जुना श्लोक, शिष्याचं वित्त हरण करणारे गुरु पुष्कळ, शिष्याचा ताप हरण करणारा दुर्मिळ, हा तर शंकरांनी पार्वतीला सांगितलाय असं मानतात. म्हणजे असली माणसं तेव्हाही होती आणि त्यांना ओळखायची सोयही परंपरेनेच करून ठेवलीय. तुमच्या गुरुबंधूंना वाचायला द्या, नाही वाचणार ते, पण द्या.

आता व्यवहाराचं बोलते. पैसे देणं आजपासून बंद. दिलेल्या पैशांच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रक्कम मागितल्याचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी, कारण नंतर मेसेज डिलीट होतात. बहिणीला जवळ बसवून विचारा की नक्की काय झालं होतं, आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, तिने जायचं बंद केलं याचा अर्थ तिला तुमच्याआधी कळलंय. प्रकार गंभीर असेल तर पोलिस स्टेशन. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे. भोंदूगिरीच्या जोरावर बाईचा गैरफायदा घेणं, चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणं असले प्रकार त्यात येतात, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अंगाला हात लावला असेल तर त्याला नेहमीचे फौजदारी कायदे आहेतच. तक्रार करायची की नाही हे बहिणीने ठरवायचं, तुम्ही फक्त तिच्याबरोबर जायचं, आणि जायच्या आधी एखाद्या वकिलाला कागद दाखवायचे.

एक गोष्ट होईल त्याची तयारी ठेवा. बारा वर्षांची सगळी माणसं, ज्यांच्याबरोबर तुम्ही वाढदिवस केले, पालख्या काढल्या, ती एका आठवड्यात बोलायची बंद होतील. गुरु सोडल्यापेक्षा हेच जास्त लागतं. म्हणून बायको, बहीण आणि तुम्ही तिघं एकमेकांना धरून राहा. जप करावासा वाटला तर करा, थोडे दिवस नाही केला तरी चालेल.

प्रश्न (पणजी): गुरूंनी देह ठेवला. आता दुसरा गुरु करावा लागतो का?

उत्तर: लागत नाही. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज 1933 साली सिद्धरामेश्वर महाराजांना भेटले, 1936ला गुरु गेले, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा सहवास. तेवढ्या शिदोरीवर पुढची पंचेचाळीस वर्षं काढली आणि जगभरची माणसं त्यांच्या माळ्यावर येऊन बसायची. पण तुमचं अडत असेल, साधनेत प्रश्न येत असतील, तर दुसऱ्या कुणाला विचारण्यात पाप नाही. मधासाठी भुंगा एका फुलावरून दुसऱ्यावर जातो तसं ज्ञानासाठी शिष्याने जावं असं कुलार्णवातच म्हटलंय.

प्रश्न (नागपूर): आजी गेली. तिच्या ट्रंकेत एक वही सापडली, पहिल्या पानावर तिला मिळालेला गुरुमंत्र आणि पुढे रोज किती माळा झाल्या ते लिहिलेलं, कितीतरी वर्षांचं. तो मंत्र मी जपला तर चालेल का? मंत्र गुप्त ठेवायचा असतो म्हणतात, मी वाचलाच, त्याचा काही दोष?

उत्तर: दोष कसला. आजीने वही जाळली नाही, ट्रंकेत ठेवली.

गुप्त ठेवतात ते बहुतेक यासाठी की चारचौघांत बोललं की त्याची चर्चा होते, तुलना होते आणि जप बाजूलाच राहतो. बाकी रामानुजाचार्यांची गोष्ट सांगतात, गुरूंनी अनेक खेटे घालायला लावून मंत्र दिला आणि बजावलं की कुणाला सांगितलास तर नरकात जाशील, तर हे तामिळनाडूतल्या तिरुकोष्टियूरच्या देवळाच्या गोपुरावर चढले आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितला. मी एकटा नरकात गेलो आणि एवढे तरले तर चालेल म्हणाले. आणि आपल्या तुकोबांचा मंत्र तर वारीत लाखो माणसं टाळ कुटत म्हणतात.

मंत्र कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत. साधं नाम असेल, राम, कृष्ण, दत्त, शिव, तर उद्या सकाळपासून सुरू करा. ऱ्हीं, क्लीं अशी बीजाक्षरं असतील तर मात्र थांबा, त्याचे उच्चाराचे आणि न्यासाचे, म्हणजे मंत्र म्हणत अंगाला ठिकठिकाणी स्पर्श करण्याचे, नियम असतात. आजीच्या गुरूंचं नाव वहीत असेलच, त्या परंपरेचं ठिकाण शोधा, तिथल्या एखाद्या जुन्या साधकाला भेटा आणि वही दाखवा. गुरुपौर्णिमेला जाऊ नका, त्या दिवशी तिथे कुणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, चारआठ दिवसांनी जा. आणि वही लॅमिनेट करून ठेवू का असंही विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको, जुना कागद त्याने खराब होतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या.